शेवटच्या पानामागचा शेरा

आमच्या वाचनालयात दारामागच्या भिंतीवर एक पाटी होती : ‘पुस्तकांवर लिहू नये.’ ती मीच रंगवली होती. दार उघडलं की ती झाकली जायची, आणि वाचनालय उघडं असताना दार उघडंच असायचं, त्यामुळं पाटीचा उपयोग काय होता ते विचारू नका. सांगलीतल्या शहाण्यासुरत्या माणसांनाही कादंबरीच्या शेवटी कोरं पान दिसलं की हात शिवशिवायचे. ‘फार सुंदर.’ ‘भिकार.’ ‘अवश्य वाचा, रडू येईल.’ एका वकिलानं तर खुनी कोण ते पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं, आणि तो वकील आमच्या समितीवर होता. दर दिवाळीआधी मी रबर घेऊन आठ दिवस लोकांची मतं खोडत बसायचो. त्या कामाचा मला मनस्वी कंटाळा होता. बनुबाई मगदूम यांच्या बाबतीत जे झालं ते त्या कंटाळ्यामुळं झालं, अशी मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. आता घालत नाही.

त्या पहिल्यांदा आल्या त्या त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी. माधवनगरहून चालत आल्या होत्या. पाय धुळीनं भरलेले, पदर खोचलेला, आणि चेहऱ्यावर भांडायची तयारी.

“मला कार्ड पायजे,” त्या म्हणाल्या.

“कुणाच्या नावानं?”

“माझ्या. बनुबाई गुंडा मगदूम.”

“बायकांची वेळ बुधवारी दुपारी असते.”

“बुधवारी दुपारी मी गिरणीत असते. आयतवारी सुट्टी हाय.”

मी नियमांचं पुस्तक काढलं. बाईनं रविवारी येऊ नये असं त्यात कुठंच नव्हतं. एखादी येईल, हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. नाइलाजानं मी रजिस्टरात नाव घातलं, सभासद क्रमांक दोनशे चौदा. त्यांनी रजिस्टर स्वतःकडं फिरवून घेतलं, नाव बरोबर लिहिलंय का ते बोट ठेवून वाचलं आणि मग मान हलवली. माझ्या कामाची अशी तपासणी त्याआधी कुणी केली नव्हती, आणि मला ती मुळीच आवडली नाही.

त्यांचं माहेर माणदेशातलं, दहिवडीकडचं. बाप मेंढरं राखायचा. नवरा गुंडा तासगावकडचा, एक्केचाळीस साली पलटणीत ड्रायव्हर म्हणून गेला आणि समुद्रापार पोचला. त्याची पत्रं यायची ती सुरुवातीला गिरणीतला एक कारकून वाचून दाखवायचा. “दुसऱ्यानं पत्र वाचलं की अर्धं पत्र त्याच्याकडंच ऱ्हातं,” असं त्या मला एकदा म्हणाल्या. म्हणून चाळीतल्या साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसल्या आणि आठ महिन्यांत वाचायला शिकल्या. पत्रं काय, महिन्यातून एखादं यायचं. मग उरलेल्या दिवसांत वाचायचं काय, हा प्रश्न पडला आणि त्या आमच्या दारात आल्या.

गिरणीत त्या घडीखात्यात होत्या. मागावरून उतरलेलं कापड तिथं येतं. बायका त्यावरून बोटं फिरवतात, गाठी काढतात, तुटलेला धागा, विरळ पडलेली जागा शोधतात. दोष सापडला की ताग्याच्या टोकाला, ओली केली की शाईसारखी उमटणाऱ्या जांभळ्या पेन्सिलीनं, कुठं काय चुकलंय ते लिहायचं आणि खाली आपलं नाव घालायचं. लिहिता येणाऱ्या त्या खात्यात दोघी-तिघीच, त्यामुळं हे काम बनुबाईंकडं होतं. दुपारच्या सुट्टीत गिरणीच्या आवारातल्या चिंचेखाली बारा जणी भाकरी सोडायच्या, आणि बनुबाई स्वतःची भाकरी चार घासांत उरकून त्यांना पुस्तक वाचून दाखवायच्या. म्हणजे एका कार्डावर आम्ही बारा-तेरा सभासद पोसत होतो. समितीला हे कळलं असतं तर तिनं त्यावरही ठराव केला असता.

त्या दिवसांत सांगलीत एकाच पुस्तकाची चलती होती. ‘भुयारगड’. लिहिणारे लालासाहेब जगदाळे, निवृत्त हेडमास्तर आणि आमच्या समितीचे उपाध्यक्ष. जुन्या काळातला एक किल्ला, त्याच्या पोटात सात भुयारं, सात दारं. करालनाथ नावाचा मांत्रिक माणसांचे दगड करतो. विजयकेतू नावाच्या राजपुत्राला त्याला गाठायचंय, पण वाट माहीत आहे ती फक्त केतकीला. केतकी मशालजीची मुलगी. अंधारात वाऱ्याच्या वासावरून ती भुयार ओळखते. राजपुत्राच्या घोड्याचा डावा पाय मोडतो, तलवार मोडते, पण केतकी पुढं चालत राहते. शेवटी करालनाथ दरडीखाली गाडला जातो, सहा दारं उघडतात, सातवं बंद राहतं, आणि पुस्तक संपतं. मी सरळ सांगतो, ते पुस्तक मला आवडलं होतं, आणि वाचनालयात काम करणाऱ्या माणसाला पुस्तक आवडणं ही तशी दुर्मिळ गोष्ट आहे.

बनुबाईंनी ते तीनदा नेलं. तिसऱ्यांदा परत आणलं तेव्हा दिवाळी आली होती आणि मी रबर घेऊन बसलो होतो.

“ही मागची कोरी पानं कशाला ठेवत्यात?” त्यांनी विचारलं.

मी वैतागलेलाच होतो. म्हणालो, “लोकांनी लिहायला. मला दुसरा उद्योग नाही ना.”

“गुणदोष लिवायला?”

“हो, हो. गुण, दोष, मनात येईल ते.”

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. “आमच्याकडं बी तसंच हाय,” म्हणाल्या. त्या गेल्यावर मी मनातल्या मनात हसलो. टोमणा त्यांच्यापर्यंत पोचला नाही, याचं मला हसू आलं होतं.

दुसरा भाग पंचेचाळीसच्या श्रावणात आला. ‘भुयारगडचा वारस’. लढाईमुळं कागदाची मारामार होती. पानं पातळ, मळकट, अक्षरं दाटीवाटीची, मागं एकही कोरं पान नाही. गोष्ट शेवटच्या पानाच्या दर्शनी बाजूला संपत होती, आणि त्या पानाची मागची बाजू तेवढी मोकळी राहिली होती. वाचनालयात एकच प्रत. बनुबाईंचा नंबर अकरावा लागला. दर रविवारी येऊन त्या यादी बघून जायच्या. बारा जणी दोन वर्षं एकच विचारत होत्या, सातव्या दारामागं काय आहे म्हणून.

अखेर पुस्तक त्यांना मिळालं आणि पंधरा दिवसांनी परत आलं. ते माझ्यापुढं ठेवून त्या म्हणाल्या, “मागं लिवलंय. साहेबांना दावा.” आणि गेल्या.

मी शेवटचं पान उलटलं. जांभळ्या पेन्सिलीत, पान भरून, अगदी रेघ आखल्यासारखं लिहिलं होतं :

“दुसरा भाग वाचला. बारा जणींनी ऐकला. गुण आधी. दगडाची फौज चालू लागती ते प्रकरण झकास. रशीदाची भाकरी हातात तशीच ऱ्हायली. आंधळा नावाडी लय खरा माणूस हाय, तो बोलतो तवा कुणी खोकत न्हाई. तळ्याखाली बुडालेल्या गावातली घंटा वाजती ते वाचून दोन दिवस पाण्याला जायची भीती वाटली. आता दोष. पान बारा, करालनाथ पहिल्या भागात मेला होता, हितं जित्ता कसा ते सांगितलं न्हाई. पान चाळीस ते एक्काहत्तर, नुसता राजवाडा. बायका पेंगल्या. पान अठ्ठ्याऐंशी, घोड्याचा डावा पाय मोडला होता, आता उजव्या पायानं लंगडतो. पान एकशे तीस, साधू येतो, अंगठी देतो, सातवं दार आपोआप उघडतं. मग सहा दारांपायी एवढी मरमर कशाला केली? सगळ्यांत मोठा दोष केतकी. अंधारात वाट काढणारी पोरगी खिडकीत बसून रडती ती शेवटपतोर रडती. वाट ती इसरली का तुमी? सूत चांगलं हाय. घाईनं विणलंय. बनुबाई गुंडा मगदूम, नंबर २१४.”

मी तो शेरा तीनदा वाचला. घोडा माझ्याही लक्षात आला होता. राजवाड्याची ती तीस पानं मी चोरून उलटली होती. पण लालासाहेबांनी मला विचारलं होतं तेव्हा मी म्हणालो होतो, “फार सुंदर, साहेब.” ते शब्द आठवून मी पुस्तक मिटलं.

लालासाहेब रोज संध्याकाळी आपलं पुस्तक किती जणांनी नेलं ते बघायला यायचे. त्या दिवशीही आले. त्यांनी स्वतःच शेवटचं पान उलटलं. वाचताना त्यांचे कान लाल झाले. पुस्तक मिटून ते मला एवढंच म्हणाले, “नाथाजी, बैठक बोलवा.”

बैठक पुढच्या रविवारी सकाळी झाली. समितीचे पाच जण खुर्च्यांवर, मी स्टुलावर, बनुबाई उभ्या. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. अध्यक्षांनी मला शेरा वाचायला सांगितला, आणि वेळ कमी आहे म्हणून फक्त दोष वाचायला सांगितले. मी वाचले. वाचून झाल्यावर बनुबाई म्हणाल्या, “गुण बी वाचा. ते आधी लिवलेत.”

“त्याची गरज नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“गरज हाय. अर्धा तागा बघून कुणी कापड पास-नापास करत न्हाई.”

मग गुणही वाचावे लागले. आंधळ्या नावाड्यापाशी आलो तेव्हा लालासाहेब खिडकीबाहेर बघत होते. पण राग काही उतरला नव्हता. ते म्हणाले, “बाई, एक पान लिहून दाखवा, मग माझ्या पानांवर बोला.”

“साहेब, मी माग चालवत न्हाई. पर गाठ कुठं हाय ते माझ्या बोटाला कळतं. माग चालवणारा मला कवा म्हणला न्हाई, आधी विणून दाव म्हणून.”

“केतकी नायिका आहे. तिचा विरह दाखवायला नको?”

“माझा नवरा चार वर्सं लढाईवर हाय,” बनुबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “अजून परतला न्हाई. इरह मला बी ठावं हाय, साहेब. त्यात पाय लुळं पडत न्हाईत. मी खिडकीत बसले असते तर चूल कुणी पेटवली असती? केतकीला तुमीच चालवली. आमी बारा जणी तिच्यामागनं चाललो. आन दुसऱ्या भागात तुमी तिला बसवली. मग आमी कुठं जायचं?”

ज्याच्याकडं उत्तर नसतं तो नियमावर येतो, आणि ते काम अध्यक्षांनी केलं. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहिणं हा गुन्हा आहे, ते म्हणाले. लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

बनुबाईंनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही, एखादा श्वास जाईल इतकाच. नोकरी, बायको, दोन लेकरं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी मूग गिळून गप्प बसलो.

“कुणी का सांगंना,” त्या म्हणाल्या. “लिवलं मी. सही माझी हाय.”

ठराव झाला. बाईंनी शेरा स्वहस्ते खोडावा आणि लेखी माफी द्यावी, नाहीतर नाव कमी करण्यात येईल. अध्यक्षांनी टेबलावरून माझं रबर त्यांच्यापुढं सरकवलं. बनुबाईंनी ते उचलून परत माझ्यापुढं ठेवलं. “पुसायचं असंल तर तुमी पुसा. खरं लिवलेलं मी माझ्या हातानं पुसणार न्हाई.” कार्ड त्यांनी कनवटीला खोचलं. “आन कार्ड मी देणार न्हाई. नाव कापायचं तर तुमच्या वहीत कापा.” एवढं बोलून त्या पायऱ्या उतरून गेल्या.

मग आम्ही पाच-सहा पुरुष त्या पानामागं लागलो. रबरानं अक्षरं पसरली, गेली नाहीत. अध्यक्षांनी ओल्या फडक्यानं पुसायला सांगितलं. ती पेन्सिल ओली केल्यावर काय करते ते मला माहीत होतं, पण मी कशाला बोलतोय. पुसलं तसा शेरा पक्क्या शाईचा झाला आणि पहिल्यापेक्षा ठसठशीत दिसायला लागला. पान फाडा, असं कुणीतरी म्हणालं. मी पान उलटून दाखवलं. पलीकडच्या बाजूला विजयकेतूचा राज्याभिषेक होता. शेरा फाडायचा तर कादंबरीचा शेवट फाडावा लागत होता. “नको, नको,” लालासाहेब घाईघाईनं म्हणाले. शेवटी वर कागद चिकटवायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडं आलं. मी खळ केली, कागद कापला, आणि तो फक्त वरच्या कडेनं चिकटवला. बाकी तीन कडा मोकळ्या ठेवल्या. पडद्यासारखा तो कागद कुणालाही उचलता आला असता. त्या प्रकरणात मी केलेलं शौर्य एवढंच.

रजिस्टरात दोनशे चौदावर तांबडी रेघही मीच मारली, आणि नोटीसही मीच लिहिली. ती हातोहात द्यायची होती. मंगळवारी दुपारी मी माधवनगरला गेलो. चिंचेखाली बारा जणी बसल्या होत्या. बनुबाईंनी पाकीट फोडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी नोटीस वाचायला सुरुवात केली, कादंबरी वाचावी तशी, थांबत थांबत. मग कानामागची जांभळी पेन्सिल काढली.

“‘अशोभनीय वर्तन’, म्हंजे काय केलं ते लिवलं न्हाई,” असं म्हणत त्यांनी त्या शब्दांखाली रेघ ओढली. “‘समितीस असे वाटते’. समितीत पाच जण, सही एकाचीच. बाकीच्यांना काय वाटतं?” तिथंही खूण केली. शेवटी खाली लिहिलं, ‘गुण : अक्षर वळणदार हाय’, सही केली आणि नोटीस मला परत दिली. बायका पोट धरून हसल्या. मीही हसलो असतो, पण अक्षर माझं होतं.

रशीदा म्हणून त्यांच्यातली एक थोराड बाई होती. तिनं विचारलं, “मग आता फुडं काय वाचायचं गं?”

“पहिला भाग मला पाठ हाय. पुन्यांदा सांगते. सातवं दार अजून बंदच हाय असं समजा.”

मी बनुबाईंना बाजूला बोलावून हळूच म्हणालो, “मी माझ्या नावावर पुस्तकं काढून आणून देत जाईन. कुणाला कळणार नाही.”

“चोरून वाचायला मी काय चोरी केली?” त्या म्हणाल्या. “दोनशे चौदा नंबर माझा हाय. त्यो मिळंल तवा वाचंन.” मग म्हणाल्या, “त्या दिवशी तुमी बोलला असता तर बरं झालं असतं, भाऊ.” त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेली नाही.

त्यानंतर जवळजवळ चार वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, बनुबाई माधवनगरहून चालत यायच्या. टेबलावर कार्ड ठेवायच्या. “नंबर दोनशे चौदा,” म्हणायच्या. मी म्हणायचो, “नाव कमी झालंय, बनुबाई.” त्या कार्ड उचलायच्या आणि चालत परत जायच्या. पाऊस असो, ऊन असो, यात खंड नाही. सेहेचाळीस साली गुंडा पलटणीतून सुटून आला. एकदा तो सायकलवरून त्यांच्याबरोबर आला, बाहेर सायकलला टेकून उभा राहिला आणि मला म्हणाला, “आवं लायब्ररीवाले, आमचा मेजर बी हिच्याफुडं सरेंडर झाला असता. तुमची कमिटी किती दिस टिकणार?” देशाला स्वराज्य मिळालं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारीही बनुबाई आल्या आणि मी तेच उत्तर दिलं.

इकडं ‘भुयारगडचा वारस’ इतक्या वेळा नेला जात होता की विचारू नका. लोक पुस्तक न्यायचे ते आधी शेवटचं पान उलटून. चिकटवलेल्या कागदाची खालची कड अंगठे लागून लागून काळी पडली. मी आयुष्यात पहिल्यांदा दिवाळीला एका पुस्तकाला रबर लावलं नाही.

एका दुपारी वाचनालयात कुणी नसताना लालासाहेब आले. कपाटातून पुस्तक काढलं, खुर्ची ओढली आणि कागद उचलून शेरा वाचायला लागले. मग मागून घेतलेल्या पेन्सिलीनं आपल्या वहीत काहीतरी उतरवून घेतलं.

“घोडा खरंच उजव्या पायानं लंगडतो?” त्यांनी विचारलं.

“हो, साहेब.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“पहिल्याच वाचनात.”

“आणि मला म्हणालात, फार सुंदर. सगळेच म्हणाले. ती एकटी सोडून.”

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात तिसरा भाग आला, ‘भुयारगडचं सातवं दार’. लालासाहेबांनी प्रत स्वतः आणून दिली. कागद पांढरा, बांधणी भक्कम, आणि शेवटी चार कोरी पानं. मी पानं मोजतोय हे बघून ते म्हणाले, “मुद्दाम घातलीत. छापखानेवाला भांडत होता. पहिल्यांदा दोनशे चौदाला द्या.”

“ते नाव कमी केलंय, साहेब.”

“मग बैठक बोलवा.”

अध्यक्ष तेच होते. त्यांचं म्हणणं, माफी आल्याशिवाय नाव कसं घालणार, चूक ती चूक. मी स्टुलावरून उठलो. “पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर गुणदोष लिहा, असं त्यांना मीच सांगितलं होतं,” मी म्हणालो. “त्यांनी माझं नाव घेतलं नाही.”

“चार वर्षं काय करत होतास मग?”

“घाबरत होतो.”

अध्यक्षांनी मला खूप सुनावलं, पण नोकरी गेली नाही. चार वर्षं ज्या भीतीत काढली तिच्यात एवढाच दम होता, हे कळल्यावर मला माझाच राग आला. शेवटी अध्यक्षांनी मधला मार्ग काढला. बाईंना नवीन सभासद करून घ्यावं, नवा नंबर द्यावा, म्हणजे जुना ठरावही तसाच राहील आणि कुणाचाच अपमान होणार नाही.

पहिल्या रविवारी बनुबाई आल्या. लालासाहेब कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. नवं पुस्तक मी टेबलावर मुद्दाम समोर ठेवलं होतं. बनुबाईंनी नाव वाचलं, आणि क्षणभर त्यांचा हात पुस्तकाकडं गेला. मी घाईनं सांगितलं, “झालं तुमचं काम. तीनशे नव्वद नंबर दिलाय.”

हात तिथंच थांबला. “नवा नंबर घेतला म्हंजे दोनशे चौदानं चूक केली असं झालं,” त्या म्हणाल्या. “माझा द्या.”

“बनुबाई, पुस्तक समोर आहे. एवढ्याशासाठी...”

“दिसतंय मला.” त्यांनी कार्ड उचललं. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी लपवलं नाही. मग वळून पायऱ्यांकडं चालू लागल्या.

लालासाहेबांनी वर्तमानपत्र फेकलं. माझ्यापुढचं रजिस्टर ओढून जुनं पान काढलं, आणि तांबड्या रेघेच्या शेजारी, समितीला न विचारता, आपल्या हेडमास्तरी अक्षरात लिहिलं : ‘हे नाव कमी करणे चूक होते. दोष माझा. लालासाहेब जगदाळे.’ मग दारात जाऊन त्यांनी हाक मारली, “बनुबाई, सही करून दिलीय. तपासून घ्या.”

त्या परत आल्या. रजिस्टर स्वतःकडं फिरवून घेतलं, बोट ठेवून एकेक शब्द वाचला, आणि मान हलवली. मग पुस्तक घेतलं. नमस्कार वगैरे काही झालं नाही. एका वाचकानं पुस्तक नेलं, एवढंच.

पंधरा दिवसांनी ते परत आलं. त्या रविवारी लालासाहेब सकाळपासून माझ्या टेबलाजवळ घुटमळत होते. बनुबाई गेल्यावर त्यांनी पुस्तक घेतलं, शेवटची पानं काढली आणि उभ्या उभ्याच वाचलं. वाचून झाल्यावर पुस्तक माझ्या हातात दिलं आणि ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. चारातलं एक पान जांभळ्या अक्षरांनी भरलं होतं :

“तिसरा भाग वाचला. बारा जणींनी ऐकला. घोडा बरोबर पायानं लंगडतोय. राजवाडा चार पानांत उरकला, चांगलं केलं. सातवं दार केतकीनं हातानं उघडलं, तवा रशीदा उभी ऱ्हायली, मग आमी समद्याच उभ्या ऱ्हायलो. भोंगा झाला तरी कुणी हाललं न्हाई. दोष एकच. शेवटी तिचं लगीन लावायची घाई कशाला? तिला इचारलेलं कुठं दिसलं न्हाई. चौथ्या भागात सुधारावं.”

खाली सही होती. सहीखाली नंबर, बाकी अक्षरांच्या दुप्पट मोठा : दोनशे चौदा.